डावीकडचा ब्रेक

रान सुरू झालं आणि थोरलीच्या पायाखालचा ब्रेक पुन्हा एकदा आपला आपण खाली गेला. आधी दोनदा हलकेच, टक टक, आणि मग दाबून. गाडी कचकन थांबली. मागे वहिनीच्या मांडीवरचा डबा उडाला, चिमणीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं आणि भाऊ म्हणाला, "वा! असं शिकवतेस होय लोकांना?"

थोरलीने डावीकडे, खाली पाहिलं. शेजारच्या सीटवर आई मांडी घालून बसली होती, दोन्ही पाय शालीखाली. खाली जिथे दुसरा ब्रेक होता तिथे कोणाचाच पाय नव्हता.

गाडी शिकवणीची होती. अशा गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्यापुढे, दुसरा डावीकडे शिकवणाऱ्यापुढे. दोन्ही एका तारेने बांधलेले. डावीकडचा दाबला की उजवीकडचा आपोआप खाली जातो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपणच थांबवली. त्या आनंदात तो घरी जाऊन पेढ्यासारखं तोंड करून सांगतो, मला गाडी येते. या धंद्याचं सगळं भांडवल तेच. थांबवायचं आपण आणि शाबासकी द्यायची दुसऱ्याला.

डावीकडच्या त्या सीटवर सारा जन्म बसला तो थोरलीचा बाप. अख्खं गाव त्याला मास्तर म्हणायचं. डॉक्टर, न्हावी, पोलीस, सगळ्यांना मास्तरांनीच चालवायला शिकवलेलं. शिकवलं नाही ते फक्त बायकोला. "बायकोला शिकवायला घेतली की गाडी तरी मोडते नाही तर संसार तरी," असं ते चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे. बायकोही हसायची. न हसून सांगते कोणाला?

थोरलीला शिकवलं, कारण बायका शिकायला येऊ लागल्या आणि त्यांच्या घरच्यांना बाईमाणूस हवं होतं शेजारी. तिच्या हातात परवाना पडला तरी मास्तर काही डावीकडून उठले नाहीत. भाजी आणायला गेली तरी शेजारी मास्तर आणि मास्तरांचा पाय. लांब पल्ल्याच्या बसवर चालकाची नोकरी चालून आली, तेव्हा म्हणाले, "लोकांची मढी नेणार का खांद्यावर?" एक बरा मुलगा सांगून आला, तर म्हणाले, "तो आरशात न बघता वळतो." झालं. मुलगा वळला तो कायमचाच. आणि लहानपणापासून तिघं मायलेकरं ज्यासाठी मागे लागली होती ती सहल, म्हणजे पलीकडच्या अभयारण्यातली हरणं, रानरेडे आणि तळ्यावर उतरणारे हजारो रोहित पक्षी, त्यावरही उत्तर ठरलेलं. "जनावरं बघायला एवढ्या लांब? घरात कमी आहेत काय?"

वाईट होते असं नाही. वाईट माणसाचा राग करून मोकळं तरी होता येतं. हा बाप पावसात छत्री घेऊन नाक्यावर उभा राहायचा, आणि पोरगी घरी पोचली की तिच्या हातातली किल्ली काढून घ्यायचा.

गेले ते दुपारच्या झोपेत. आईने चादर बाजूला केली तेव्हा त्यांचा उजवा पाय ताठ होता आणि पाऊल पलंगाच्या पायथ्याच्या फळीवर घट्ट दाबलेलं. जणू समोरून काहीतरी येत होतं आणि ते थांबवत होते. तो पाय सरळ करायला भाऊ आणि शेजारचा कंपाउंडर, दोघांना जोर लावावा लागला.

त्यानंतर मास्तरांची गाडी शिकवायची शाळा थोरलीकडे आली. डावीकडच्या सीटवर ती बसू लागली, आणि ब्रेक आपला आपण दाबला जाऊ लागला. एक शिंपी शिकायला यायचा. तो एकदा वैतागून म्हणाला, "ताई, फार भित्र्या हो तुम्ही. रस्ता मोकळा असताना दाबता कशाला?" तेव्हा थोरलीने दोन्ही पाय मागे, सीटखाली दुमडून घेतले होते. पुढच्या आठवड्यापासून शिंपी यायचा बंद झाला. मग एक नर्सबाई बंद झाल्या. मग दोघी बहिणी. गावात बोललं जाऊ लागलं, की मास्तरांची पोरगी मास्तर गेल्यापासून हबकलीय.

भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामात. त्याच्या मते जगात भुताने होतं असं काहीच नसतं, तेल न घातल्याने होतं. त्याने तार बदलली, खीळ बदलली, पेडल उघडून साफ केलं. गॅरेजवाल्याने गाडी वर उचलून पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. चालवणारीला दाखवा कोणाला तरी." मग भावाने शाळेचा गाळा भाड्याने घ्यायला एक चष्म्याचा दुकानदार शोधून आणला. हा चष्मेवाला सोमवारी किल्ली मागायला येणार होता.

"तुझ्याने होत नाही तर नाही," भाऊ म्हणाला होता. "त्यात लाज कसली?"

"होतं माझ्याने."

"मग दाखव. ती अभयारण्याची सहल. आम्हा सगळ्यांना ने आणि आण. एकदाही विनाकारण ब्रेक लागला नाही, तर शाळा तुझी. लागला तर चष्मेवाला."

म्हणून ही सहल. आणि रान सुरू होतं न होतं तोच ब्रेक लागला होता.

"ससा होता," थोरली म्हणाली.

"मला नाही दिसला," चिमणी कपाळ चोळत म्हणाली.

"तू डोळे मिटले होतेस."

"मी नव्हते मिटले! आजी, मी मिटले होते का गं?"

आजी काचेबाहेर बघत राहिली. वहिनीने डबा उचलला, झाकण घट्ट केलं आणि नवऱ्याला कोपर मारलं. वहिनी केस कापायची, त्यामुळे गावभरच्या डोक्यांत काय चाललंय ते तिला ठाऊक. "ससा म्हणाल्या तर ससा," ती म्हणाली. "तुम्ही काय पंच आहात का?"

अभयारण्याच्या फाटकावर रखवालदाराने गाडीवरची 'शिकाऊ' अशी तांबडी पाटी वाचली आणि मिशीत हसला. "रेड्यांवर हात साफ करणार काय?"

"त्यांना विचारून बघते," थोरली म्हणाली.

"ऐका. गाडीतून उतरायचं नाही. हॉर्न नाही. रेडे आडवे आले तर ते जाईपर्यंत थांबायचं, पण मागून आले तर थांबायचं नाही, हळूहळू पुढे सरकत राहायचं. उभी गाडी त्यांना आवडत नाही. तळ्याला जायला आणि यायला वाट एकच."

पहिला टप्पा झकास गेला. उंच सुकलेल्या गवतातून वाट होती आणि गवताच्या वर फक्त हरणांचे कान दिसत होते, असंख्य कान, सगळे गाडीकडे वळलेले. चिमणी कुजबुजत होती. भाऊसुद्धा काचेशी वाकून बघू लागला. एका वठलेल्या झाडावर गिधाडं पंख सुकवत बसली होती. थोरलीने गिअर बदलला, वळण घेतलं, चढण चढली, आणि तिला वाटलं, रानात येऊन बापाने नाद सोडला.

"आई, पाय खाली सोड की," ती म्हणाली. "अवघडले असतील."

"राहू दे."

"एवढी जागा आहे."

"ती त्यांची पाय ठेवायची जागा," आई म्हणाली. "तिथे माझे पाय कसे ठेवू?"

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. मेलेल्या माणसाच्या पायाला जागा हवी म्हणून जिवंत बाई सकाळपासून पाय दुमडून बसली होती! मागच्या सीटवर कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं तर तिलाही आत्तापर्यंत वाटलं नव्हतं.

वाट उताराला लागली. खाली झाडांतून पाण्याची चकाकी दिसली आणि पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ. "पक्षी! ते पक्षी!" चिमणी ओरडली.

टक टक.

आणि मग असा दाब, की इंजिन धापा टाकत बंद पडलं. गाडी उतारावर खिळल्यासारखी उभी.

"झालं," भाऊ म्हणाला. "ससा?"

थोरलीने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, क्लच सोडला, पुन्हा गचकून बंद. तिने आपला पाय ब्रेकवरून उचलून दाखवला. पेडल खालीच होतं, जमिनीला टेकलेलं. "बघ. बघून घे. माझा पाय कुठे आहे?"

भाऊ पुढे वाकला. तेवढ्यात वहिनीने मागच्या काचेतून पाहिलं आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अहो. मागे बघा."

वाटेच्या वरच्या अंगाला रानरेडे उतरत होते. आधी एक, मग गवतातून फुटावेत तसे कितीतरी. सर्वांत पुढचा नर गाडीच्या उंचीचा होता, शिंगांवर चिखल वाळलेला. तो थांबला. त्याने नाकपुड्या फुगवल्या आणि खुराने वाट उकरली.

"सरक पुढे," भाऊ म्हणाला. "ताई, सरक!"

"कशी सरकू? उडू का?"

भाऊ दोन सीटांच्या मधून धडाने पुढे आला, आईच्या गुडघ्यांखालून हात घातला आणि डावीकडचं पेडल धरून वर ओढू लागला. लिफ्टच्या तारा ओढणारा हात तो. मानेच्या शिरा टरारल्या. पेडल हललं नाही. मग अचानक त्याने विस्तव लागावा तसा हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय झालं, सांग ना."

"पेडल गरम आहे," तो म्हणाला. "कोणीतरी आत्ता... चप्पल काढल्यावर आत हात घातला तर कशी लागते, तसं." मग तो जगात भुताने काही होत नाही असं म्हणणारा माणूस गप्प मागे सरकला आणि त्याने पोरीला छातीशी धरलं.

रेड्याने मागच्या काचेवर फुंकर घातली. काच पांढरी झाली. गाडी एकदा हलली. त्याने शिंग नुसतं टेकवून पाहिलं होतं.

"बाबा, सोडा," थोरली म्हणाली. पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलली होती त्यांच्याशी, आणि तिचा आवाज शाळेतल्या पोरीसारखा निघाला. "सोडा ना, बाबा. मी नेते नीट." पेडल तसंच. ती ओरडली, शिव्या दिल्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग बडवलं. तसंच. लेकीचं त्यांनी जिवंतपणी कधी ऐकलं होतं, म्हणून आता ऐकतील?

तेव्हा आईने शाल बाजूला केली. ती पुढे वाकली आणि खालच्या रिकाम्या जागेकडे बघत, भाजीवाल्याला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली,

"अहो, पाय काढा."

तिने शालीतला हात काढून पेडलकडे दाखवलं.

"लेकरं आहेत गाडीत. पाय काढा म्हणते ना. जन्मभर दाबून धरलंत सगळ्यांना. मी काही बोलले नाही. आता काढा."

पेडल वर आलं. हळूच, मानी माणूस खुर्चीवरून उठतो तसं.

आणि गाडी सुटली. इंजिन बंदच होतं, क्लच दाबलेला. उतार होता. चाकं आपोआप फिरू लागली, वेग आला, रेडे मागे राहिले आणि वहिनी हसावं की रडावं असं काहीतरी करू लागली. वाटेने वळण घेतलं. वळणापलीकडे, वाटेच्या ऐन मधोमध, एक रेडकू बसलं होतं. ऊन खात, रवंथ करत, कोणाच्या बापाची भीती नसल्यासारखं.

थोरलीने ते स्वच्छ पाहिलं. तिला अंतर कळलं, वेग कळला, कधी दाबायचं ते कळलं. आणि तिने दाबलं नाही. तिचा पाय जागच्या जागी राहिला, वाट बघत. ही शिकणाऱ्यांची खोड होती. सगळ्यांनाच ती लागायची, आणि थोरली रोज ओरडायची त्यांच्यावर, 'माझ्या पायाची वाट बघू नका हो! मी नसले म्हणजे?' आता तिचा स्वतःचा पाय हातभर अंतरावरच्या दुसऱ्या पायाची वाट बघत होता. डावीकडून येईल. आता येईल. नेहमी येतो.

आला नाही. डावीकडच्या ब्रेकवर कोणीच नव्हतं. एवढी मोठी रिकामी जागा तिने जन्मात अनुभवली नव्हती.

"आत्या!" चिमणी किंचाळली.

थोरलीने ब्रेकवर उभं राहावं तसा दाबला. बंद इंजिनाचा ब्रेक दगडासारखा लागला, गाडी घसरली, तिरकी झाली आणि रेडकाच्या पाठीला बंपर टेकवून थांबली. रेडकू उठलं. त्याने अपमान झाल्यासारखं गाडीकडे पाहिलं आणि शेपटी उडवत गवतात गेलं.

मग थोरलीने किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि ती त्यांना तळ्यावर घेऊन गेली.

तळ्यावर जे होतं ते खरंच तसं होतं, जसं सगळ्यांनी लहानपणी ऐकलं होतं. पाणी दिसतच नव्हतं. पक्षीच पक्षी, एका पायावर उभे, माना वाकवलेले, मधूनच एखादी ओळ उचलली जायची आणि पंखाखालचा लाल रंग उघडा पडायचा. चिमणी काचेला नाक लावून बसली. भावाने डबा उघडला आणि न मागता पहिला घास बहिणीला दिला. "मगाशी," तो म्हणाला, "मी ते पेडल... जाऊ दे. ससा होता, ससा."

"रेडा होता," वहिनी म्हणाली. "आणि एक तुम्ही होतात. फार ताकद हो तुमच्या दंडात, लिफ्टवाले." तो हसला, पण हात अजून पँटीला पुसत होता.

आई पक्ष्यांकडे बघत नव्हती. तिने मान मागे वळवली होती, ज्या उतारावरून आले त्या दिशेला.

"आई, समोर बघ. याच्यासाठी आलो ना?"

"मी उतरवलं त्यांना," आई म्हणाली.

"काय?"

"मी पाय काढा म्हणाले आणि ते उतरले. आडरानात. गाडीशिवाय पाऊलभर चालले नाहीत कधी. आता कुठे जातील?" ती रडत नव्हती. पोराला जत्रेत विसरून आलेल्या बाईचा चेहरा असतो, तसा तिचा चेहरा झाला होता. "त्यांना रस्ता ठाऊक नाही गं इथला. कधी आलेच नाहीत."

थोरलीला म्हणावंसं वाटलं, कोणी अडवलं होतं त्यांना यायला? तेच अडवत होते! तिने दात आवळले. मोकळी झाले होते मी, आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. तेवढीही मजा घेऊ देऊ नका.

ऊन तिरपं व्हायच्या आत परत निघाले. वाट एकच. उताराचा आता चढ झाला होता. रेडे कुठे गेले कोण जाणे, गवत नुसतं हलत होतं. जिथे गाडी खिळली होती तिथे वाट उकरलेली दिसली आणि आई म्हणाली, "थांब."

"नाही."

"थांब ना गं जरा."

"आई, थांबले की ते बसणार. बसले की पाय ठेवणार. सोमवारी चष्मेवाला. मग मी काय करू? घरी बसून त्यांचा फोटो पुसू?"

"मग सोडून जाणार? इथे?"

वेडेपणा आहे, असं म्हणायला भाऊ होता, पण त्यानेही तसं म्हटलं नाही. उकरलेली जागा जवळ आली. तिथे कोणी उभं नव्हतं. वाटेच्या कडेला गवत एका ठिकाणी दबलेलं होतं, माणूस बराच वेळ उभा राहून पाय अवघडले की एका पायावरून दुसऱ्यावर भार देतो, तेवढं. रेड्याने दाबलेलं असेल. काहीही असेल.

थोरलीच्या पायाखालचं पेडल स्थिर होतं. कोणी दाबत नव्हतं. ती तशीच निघून गेली असती तर तिला कोणी अडवलं नसतं. म्हणूनच तिने ब्रेक दाबला. स्वतःच्या पायाने, सावकाश, गाडीत कोणाचं डोकं हलणार नाही असा. चढावर हँडब्रेक ओढला.

"आई, पाय खाली सोड."

"अगं, ते..."

"खाली सोड म्हणते ना. दोन्ही. पेडलच्या पुढे, नीट, ऐसपैस. ती तुझी जागा आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग एक एक करून पाय खाली घेतले. मुंग्या आल्या असणार, तिने तोंड वाकडं केलं आणि पावलं चटईवर टेकवली.

"दार उघड," थोरली भावाला म्हणाली.

"रखवालदाराने सांगितलंय..."

"उतरू नकोस. नुसतं उघड."

भावाने आपल्या बाजूचं दार उघडलं. सुक्या गवताचा आणि रेड्यांचा उग्र वास आत आला. थोरलीने मान वळवली आणि त्या उघड्या दाराबाहेरच्या रिकाम्या रानाला म्हणाली,

"बाबा, यायचं तर मागे बसा. मागे ब्रेक नाही. चालत असेल तर या, नाही तर राहा इथेच."

वाऱ्याने गवत एकदा आडवं झालं. मग, कोणी काही न सांगता, वहिनी खिडकीला चिकटली, भावाने चिमणीला उचलून मांडीवर घेतलं आणि तो आतल्या बाजूला सरकला. दाराशी एका माणसाची जागा झाली.

"बाबा, कोण येतंय?" चिमणीने विचारलं.

"कोणी नाही. गप बस," भाऊ म्हणाला, आणि त्याने हात लांबवून दार लावून घेतलं. लावताना त्याचा हात अर्ध्या वाटेवर थबकला, कोणाच्या तरी गुडघ्याला लागू नये तसा वळसा घेऊन पुढे गेला.

थोरलीने हँडब्रेक सोडला. गाडी चढ चढू लागली, मागच्या चाकांवर येताना होती त्याहून जरा जड. वर सपाटी लागली आणि तिने गिअर बदलला. हरणांचे कान पुन्हा गवतावर उगवले.

"सोमवारी चष्मेवाल्याला..." भाऊ बोलू लागला.

"नाही म्हणून सांग."

पुढे वळण होतं. थोरलीने आरशात न बघता घेतलं, आणि मागून, दाराच्या बाजूने, दातांत जीभ घेऊन केलेला 'च्' असा आवाज आला. आईने मान वळवली नाही. थोरलीने स्टिअरिंग घट्ट धरलं, पण पाय जिथे होता तिथेच राहिला. पुढच्या वळणावरही तिने मुद्दाम आरशात पाहिलंच नाही.